पर्याय अनेक, शिक्षक एक

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या पहिल्या वर्षाला विषयनिवडीचे स्वातंत्र्य दिले. हे स्वातंत्र्य कोल्हापूर शहरात उपयोगी पडते, तेवढेच ते तालुक्याच्या लहान महाविद्यालयातही पडते का, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर अनेक घरांतील पहिल्या पदवीधराचे भवितव्य अवलंबून आहे.

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यात दोन रांगा लागतात. पहिली रांग अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि वैद्यकीय प्रवेशाच्या याद्यांवर डोळे लावून बसलेल्यांची. त्या याद्यांची, ‘कट-ऑफ’ची आणि फेऱ्यांची चर्चा महिनाभर सुरू असते. दुसरी रांग गारगोटी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड किंवा मलकापूर येथील महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर लागते आणि तिची बातमी होत नाही. या रांगेतील मुला-मुलींना बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात प्रवेश घ्यायचा असतो. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाचा अर्ज प्रथमच आलेला असतो. तो भरताना आता ‘मेजर’, ‘मायनर’, ‘ओपन इलेक्टिव्ह’ असे शब्द समोर येतात. त्यांचा अर्थ सांगणारे घरात कोणी नसते. महाविद्यालयातही तो सांगणाऱ्यावर त्या दिवशी इतर दहा कामे असतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मान्यता दिली. महाराष्ट्रात ते २०२३-२४ मध्ये विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. या धोरणावर आजवर झालेली चर्चा प्रामुख्याने चौथ्या वर्षाभोवती फिरली. ऑनर्स पदवी, संशोधन, परदेशी विद्यापीठांशी समकक्षता हे तिचे विषय होते. धोरणाची कसोटी मात्र पहिल्या वर्षाच्या प्रवेशिका अभ्यासक्रमांवर लागणार आहे, कारण चौथ्या वर्षापर्यंत पोहोचणारे थोडे असतात आणि पहिल्या वर्षातून सर्वांनाच जावे लागते.

पहिल्या पायरीचा वारसा

पहिल्या पायरीचे महत्त्व कोल्हापूरला नव्याने सांगण्याची गरज नाही. येथील उच्च शिक्षणाची सुरुवातच एका लहानशा प्रयोगातून झाली. १८८० मध्ये राजाराम हायस्कूलला महाविद्यालयीन वर्ग जोडला गेला आणि त्यातून पुढे राजाराम महाविद्यालय उभे राहिले. कागलमध्ये शाळेत गेलेले गोपाळ कृष्ण गोखले १८८१ मध्ये मॅट्रिक झाल्यावर याच महाविद्यालयात दाखल झाले. पदवी त्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून घेतली. संस्थानच्या राजधानीत तो पहिला वर्ग नसता, तर बेताच्या परिस्थितीतील त्या मुलाची वाट कोणती ठरली असती, हा विचार करण्यासारखा आहे.

पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. मूल शाळेच्या दारापर्यंत येत नसेल तर दार मुलापर्यंत न्यावे आणि दाराशी आलेल्याला राहायला जागा द्यावी, हे त्यामागचे सूत्र होते. शिक्षकांच्या बाबतीतही दर्जाशी तडजोड नव्हती. ना. सी. फडके यांनी तत्त्वज्ञान, माधव जूलियन यांनी फारसी आणि आ. ने. उपाध्ये यांनी अर्धमागधी राजाराम महाविद्यालयात शिकवली. मुंबई-पुण्यापासून दूरच्या गावातील विद्यार्थ्याला दुय्यम दर्जाचा शिक्षक चालेल, असे त्या काळी कोणी गृहीत धरले नव्हते.

या परंपरेतील आणखी एक दुवा थेट आजच्या प्रश्नाशी जोडला जातो. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीच्या श्री मौनी विद्यापीठाच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. तिला अनुसरून पन्नासच्या दशकात देशात ज्या मोजक्या ग्रामीण उच्च शिक्षण संस्था निघाल्या, त्यांत गारगोटीचाही समावेश होता. शेती, सहकार, आरोग्य आणि ग्रामविकास यांच्याशी सांगड घातलेले शिक्षण तालुक्याच्या गावी द्यावे, अशी ती योजना होती. मात्र या संस्थांच्या पदविकेला नोकरीच्या बाजारात आणि विद्यापीठांच्या दारी पदवीइतकी किंमत मिळाली नाही. कालांतराने यांतील बहुतेक संस्थांना रूढ महाविद्यालयांच्या वाटेने जावे लागले. उत्तम हेतूने सुरू झालेला अभ्यासक्रम मान्यतेअभावी कसा कोमेजतो, याचा हा घरचाच धडा आहे.

कागदावरचे कप्पे

नव्या आराखड्यानुसार विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवायचे असतात. एका श्रेयांकासाठी १५ तासांचे अध्यापन अपेक्षित असते, तर प्रात्यक्षिक असल्यास ३० तासांचे. हे श्रेयांक निरनिराळ्या कप्प्यांत विभागले आहेत. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक विषय, व्यवसाय कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा यांसारखे सहअभ्यासक्रम असे ते कप्पे आहेत. यांतील अनेक अभ्यासक्रम दोन श्रेयांकांचे, म्हणजे सत्रभरात अवघ्या तीस तासांचे आहेत.

या रचनेमागील विचार चुकीचा नाही. अठराव्या वर्षी इतिहास निवडणाऱ्या मुलीला हिशेब किंवा हवामान यांची तोंडओळख असू नये, असे कोणी म्हणणार नाही. बारावीनंतर शाखांमध्ये उभ्या राहणाऱ्या भिंती पाडण्याची मागणी अनेक शिक्षणतज्ज्ञ वर्षानुवर्षे करीत आले आहेत. अडचण सुरू होते ती अंमलबजावणीच्या एका अटीपाशी. राज्य शासनाच्या आराखड्यानुसार खुला वैकल्पिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच असावा लागतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतील विषय घ्यावा, अशी ही अट आहे. तिन्ही शाखा, प्रयोगशाळा आणि पुरेसे अध्यापक असलेल्या शहरातील महाविद्यालयात ती सहज पाळता येते. जेथे केवळ कला शाखा आहे, किंवा कला आणि वाणिज्य आहे पण विज्ञान नाही, तेथे ती कशी पाळायची?

अशा महाविद्यालयापुढे तीन वाटा उरतात. तासिका तत्त्वावर बाहेरून शिक्षक आणणे ही पहिली. दुसरी म्हणजे उपलब्ध प्राध्यापकांपैकी ज्याचा कार्यभार कमी पडतो, त्याच्याकडे त्यातल्या त्यात जवळचा विषय सोपवणे. ‘स्वयं’सारख्या ऑनलाइन मंचाकडे बोट दाखवून मोकळे होणे ही तिसरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून पूर्ण करता येतात, त्यामुळे तिसरी वाट नियमात बसते. परंतु ज्या विद्यार्थ्याला विषयाचा गंध नाही, त्याला तो विषय दुसऱ्या भाषेतून आणि पडद्यावरून शिकवणे हे कागदाचे समाधान झाले. तिन्ही वाटांचा परिणाम एकच होतो. माहितीपत्रकात डझनभर पर्याय छापले जातात आणि वर्गात प्रत्यक्षात एकच विषय शिकवला जातो. तो सर्वांनी ‘निवडलेला’ असतो.

येथे एक शैक्षणिक मुद्दाही ध्यानात घ्यायला हवा. विषयाच्या विद्यार्थ्याला पहिला धडा शिकवणे तुलनेने सोपे असते, कारण दुसरा आणि तिसरा धडा पुढे यायचाच असतो. जो विद्यार्थी त्या विषयाकडे पुन्हा कधी वळणार नाही, त्याला तीस तासांत विषयाचे मर्म सांगणे हे अनुभवी अध्यापकाचे काम आहे. आपल्याकडे नेमके उलट घडते. ज्येष्ठ प्राध्यापक पदव्युत्तर आणि अंतिम वर्षाचे वर्ग घेतात, तर प्रथम वर्षाचे मोठे वर्ग आणि हे नवे अभ्यासक्रम सर्वांत नवख्या, बहुधा तासिका तत्त्वावरील शिक्षकाकडे जातात. हा शिक्षक पुढच्या वर्षी तेथे असेलच, याची शाश्वती त्याला स्वतःलाही नसते.

शिक्षकांची उणीव आजची नाही. राज्य शासनाने अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांच्या भरतीला २०१८ मध्ये मान्यता दिली. ती पूर्ण होण्यापूर्वीच भरती थांबली आणि उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. ही पदेदेखील रिक्त जागांच्या केवळ एका हिश्शापुरती होती. अभ्यासक्रमांची संख्या वाढवायची आणि ते शिकवणाऱ्यांची संख्या मात्र तशीच ठेवायची, हे गणित कोणत्याही धोरणाने सुटणारे नाही.

वेळापत्रक आणि एस.टी.

वीस-बावीस श्रेयांक म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला किमान वीस-बावीस तास वर्गात बसणे. शहरातील विद्यार्थ्याला यात विशेष काही वाटणार नाही. वाडी-वस्तीवरून येणाऱ्या विद्यार्थिनीचा दिवस मात्र एस.टी.च्या फेरीने बांधलेला असतो. सकाळच्या गाडीने यायचे आणि दुपारची गाडी चुकवायची नाही, असा घरचा दंडक असतो. त्या चौकटीबाहेर गेलेला प्रत्येक तास तिच्या दृष्टीने नसल्यासारखाच. विषयांचे कप्पे वाढले की वेळापत्रक लांबते आणि दुपारच्या गाडीनंतर ठेवलेला ‘कौशल्य’ तास रिकाम्या बाकांसमोर घ्यावा लागतो.

यात पावसाची भर पडते. पहिले सत्र ऐन पावसाळ्यात येते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांत जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते बंद होणे नवलाचे नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर शिरोळ, हातकणंगले, करवीरपर्यंत सारे व्यवहार ठप्प झाले होते. शिवाय विज्ञान शाखेत प्रवेशपरीक्षांच्या फेऱ्या लांबल्या की वर्गातील काही विद्यार्थी सत्राच्या मध्यावर दुसरीकडे निघून जातात. तीस तासांच्या अभ्यासक्रमातून असे आठ-दहा तास वजा झाले, तर उरते ती केवळ नावापुरती ओळख.

प्रमाणपत्र की सभ्य गळती?

नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा आहे. ४० ते ४४ श्रेयांक आणि त्याशिवाय चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढील शिक्षण घेता येते. मिळवलेले श्रेयांक ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात.

घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडावे लागलेल्या मुलाच्या हाती पूर्वी काहीच पडत नसे, आता निदान एक कागद पडेल, असे या तरतुदीचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे. मात्र त्या कागदाला किंमत कोण देणार, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. गोकुळ शिरगाव किंवा शिरोली येथील कारखानदार बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या प्रमाणपत्राकडे पाहून कोणाला कामावर घेईल, असे आज तरी दिसत नाही. ग्रामीण संस्थांच्या पदविकेचे काय झाले, हे गारगोटीने पाहिले आहे. दुसरी चिंता अधिक गंभीर आहे. लग्न ठरले म्हणून किंवा धाकट्या भावाच्या शुल्कासाठी जिचे शिक्षण थांबते, तिची नोंद यापुढे ‘गळती’ म्हणून न होता ‘प्रमाणपत्रासह निर्गमन’ अशी होईल. आकडा सुधारेल, पण मुलगी घरीच राहील.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे

या प्रश्नाला कोल्हापुरात आणखी एक पदर आहे. कर्नाटकाने हे धोरण २०२१-२२ मध्ये, देशात सर्वांत आधी लागू केले. सत्ताबदलानंतर त्याच राज्याने २०२४-२५ पासून चार वर्षांची रचना मागे घेऊन तीन वर्षांच्या पदवीकडे पाऊल वळवले. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांनी नवी रचना स्वीकारली. परिणामी कागल आणि निपाणी या शेजारच्या गावांत प्रथम वर्षाची दोन वेगवेगळी रूपे नांदत आहेत. चंदगड कोल्हापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ असल्याने तेथील विद्यार्थ्याला ते सोयीचे वाटते. त्याने सीमा ओलांडली, तर श्रेयांकांचा हिशेब कसा जुळवायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. श्रेयांकांची देशव्यापी बँक ही कल्पना आकर्षक खरी, पण शेजारच्या दोन राज्यांची नाणीच जुळत नसतील, तर बँकेचा उपयोग मर्यादितच राहणार.

पायाभूत अभ्यासक्रमांचा अतिरेक काय करतो, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली. त्यात सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी अकरा सक्तीचे पायाभूत अभ्यासक्रम होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ते अतिसुलभ आणि इतरांना अनावश्यक वाटल्याची टीका झाली आणि वर्षभरात, २०१४ मध्ये, ती रचना गुंडाळावी लागली. अमेरिकेतील लहान सार्वजनिक महाविद्यालयांचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो. ती महाविद्यालये पहिल्या दोन वर्षांचेच शिक्षण देतात आणि त्यावरच सारी शक्ती लावतात, ही बाब मात्र दाखला देणारे सोयीस्करपणे विसरतात.

तीन हजारांचा आकडा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे आणखी एक उद्दिष्ट तालुक्याच्या महाविद्यालयांसाठी थेट अस्तित्वाचा प्रश्न आहे. २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षण संस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिची विद्यार्थिसंख्या तीन हजार किंवा त्याहून अधिक असावी, असे धोरणात म्हटले आहे. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये तीन हजारांहून अधिक विद्यार्थी असलेली महाविद्यालये देशात सुमारे चार टक्केच होती, तर सुमारे सोळा टक्के महाविद्यालयांत शंभरही विद्यार्थी नव्हते. त्याच धोरणाला २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण पन्नास टक्क्यांवर न्यायचे आहे. लहान महाविद्यालये मोठ्यांत विलीन केली, तर शंभर किलोमीटरवरील विद्यार्थिनी पटावर कशी राहणार, याचे उत्तर धोरणात सापडत नाही. ही दोन उद्दिष्टे डोंगराळ तालुक्यांत परस्परांना छेद देतात.

विलीनीकरणाला पर्याय आहेत. आयोगाने २०२२ मध्ये महाविद्यालयांच्या समूहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचा आधार घेऊन गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड या परिसरातील महाविद्यालयांना अध्यापकांची देवघेव करता येईल. मात्र फिरायचे कोणी, हे आधी ठरवावे लागेल. शंभर विद्यार्थ्यांनी घाटरस्त्याने दुसऱ्या महाविद्यालयात जाण्यापेक्षा एका अध्यापकाने आठवड्यातील दोन दिवस तिथे जाणे केव्हाही स्वस्त आणि व्यवहार्य ठरेल. त्यासाठी प्रवासखर्च आणि कार्यभारात त्या तासांची गणना, एवढी तरतूद पुरेशी आहे.

दुसरा उपाय विद्यापीठाच्या हाती आहे. प्रत्येक महाविद्यालयाला पर्यायांची लांबलचक यादी तयार करायला लावण्याऐवजी दहा-बारा प्रवेशिका अभ्यासक्रम कसून तयार करावेत, त्यांची मराठी पाठ्यसामग्री विद्यापीठानेच द्यावी आणि शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षित करावे. त्यासाठीचा ऐवज जिल्ह्यातच आहे. पतसंस्था आणि साखर कारखान्यांचे ताळेबंद वाचता येणे ही कला शाखेच्या विद्यार्थ्यासाठी वाणिज्याची उत्तम ओळख ठरेल. पंचगंगेचे प्रदूषण आणि शिरोळ परिसरातील क्षारपड जमीन हा विज्ञानाचा परिचय महागड्या प्रयोगशाळेवाचूनही देता येईल. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागद विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुरावा म्हणजे काय, हे शिकवू शकतात. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, कोल्हापुरी चप्पल आणि गूळ या भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंचा व्यवहार हा कौशल्य अभ्यासक्रमाचा कणा होऊ शकतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची आहे. किती महाविद्यालयांनी नवी रचना स्वीकारली, हा आकडा शासनाकडे असतो. पहिल्या वर्षात आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षात गेले, जे थांबले त्यांत मुली किती आणि प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांपैकी किती परतले, हे आकडे महाविद्यालयवार दरवर्षी जाहीर व्हायला हवेत. त्यावाचून धोरणाचे यश किंवा अपयश हा केवळ भाषणांचा विषय राहील.

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. ग्रामीण विद्यापीठांची शिफारस करणाऱ्या आयोगाचे तेच अध्यक्ष होते. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या मुलाला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागू नये, ही त्या विद्यापीठामागची प्रेरणा होती. ती सार्थ ठरायची असेल, तर चंदगडच्या वर्गात पहिल्या वर्षाला कोण शिकवतो, याची काळजी कोल्हापूरने आणि मुंबईतील मंत्रालयाने वाहायला हवी. पुढील जूनमध्ये ती दुसरी रांग पुन्हा लागेल. अर्जावरील कप्प्यांत तिने जे विषय लिहिले, ते शिकवायला वर्गात कोणी उभे असेल, एवढी हमी तिला मिळाली पाहिजे.